शुगर बॉर्डरलाईनवर आलीये, सगळं एकदम सुरू करू का थोडं थोडं?

गवतीचहा

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबलचक झालंय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

वय ४२, राहायला मुलुंड ईस्ट, ऑफिस लोअर परळ. गेल्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले घाबरायचं कारण नाही, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या अलीकडची पायरी, औषध लगेच नको, चालणं वाढवा, चार-पाच किलो वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत बघू. आईला पन्नाशीच्या आत शुगर लागली होती आणि तिचं पुढचं सगळं मी जवळून बघितलंय, डोळ्यांतली इंजेक्शनं, पायाची जखम महिनोन्महिने चिघळत राहणं, त्यामुळे मी हे अजिबात हलक्यात घेणार नाहीये.

तर मी बसून प्लॅन केला. पहाटे पाचला उठून अर्धा तास योगा, संध्याकाळी स्टेशनवरून थेट जिम, रोज दहा हजार स्टेप्स, साखर पूर्ण बंद, भात पूर्ण बंद, रात्री आठ ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा काही खायचं नाही, तीन लिटर पाणी आणि साडेदहाला झोप. मैत्रिणीने २१ दिवसांच्या एका चॅलेंजच्या ग्रुपवर पण ॲड केलंय, तिथे रोज फोटो टाकायचा असतो. घराजवळच्या जिमची वर्षाची ऑफर आहे ती या रविवारपर्यंतच.

नवऱ्याला यादी दाखवली तर तो म्हणाला सगळं बरोबर आहे पण तू घरी कधी असणार. माझा दिवस सांगते म्हणजे कळेल. साडेपाचला उठते, तीन डबे, मुलगा दहावीला आहे त्याचा सातचा क्लास, सासूबाईंचा चहा-गोळ्या, आठच्या सुमाराची फास्ट, दादरला बदलून स्लोने करी रोड, तिथून ऑफिसच्या आम्ही दोघी-तिघी मिळून टॅक्सी करतो. घरी यायला पावणेआठ. मग स्वयंपाक, जेवायला साडेनऊ, ओटा आवरून पाठ टेकायला बारा.

यातलं काय ठेवू आणि काय सोडू? मला पुढची दहा-वीस वर्षं चालेल असं हवंय. पण थोडंसंच केलं तर शुगरला ते पुरेल का, ही पण धाकधूक आहे. घर, ट्रेन, ऑफिस सांभाळून ज्यांनी काही टिकवलंय त्यांनी खरंच सांगा.

कट्टेकरी_दादर

वय वाचून माझ्या मुलीएवढी वाटलीस म्हणून एकेरीत लिहितोय, राग मानू नकोस.

मी नोकरीत होतो तेव्हापासून शिवाजी पार्कला फिरतो. एक फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, नवे बूट, नवे ट्रॅकसूट, पहिल्याच दिवशी धापा टाकेपर्यंत पळणारी मंडळी. होळीपर्यंत त्यातली फार थोडी उरतात, नव्याचे नऊ दिवस. मात्र जे उरतात ते कोण हे मी इतकी वर्षं बघत आलोय. ज्यांनी सुरुवातीला दोनच फेऱ्या मारल्या आणि कट्ट्यावर टेकून चार शब्द बोलले, ते. त्यांची कोणीतरी वाट बघतं. आमच्यातला एखादा आला नाही की साडेसातला फोन जातो, काय रे, बरं आहे ना? त्या एका फोनसाठी माणूस दुसऱ्या दिवशी येतो.

तेव्हा आधी सोबत शोध. सासूबाईंना चालता येत असेल तर रात्री जेवण झालं की दोघी खाली उतरा, सोसायटीच्या आवारात शतपावली घाला. आमची आजी कधी कुठल्या जिमला गेली नाही, पण जेवून लगेच आडवं झालेलं तिला चालायचं नाही, घरातल्या सगळ्यांना ती अंगणात पिटाळायची. ओटा दहा मिनिटं थांबेल, नाहीतर त्या दहा मिनिटांत नवऱ्याला आवरू दे.

आणि पाचला उठायचं पहिलं खोड. आत्ताच तुझी झोप साडेपाच तासांची आहे. त्यातला अर्धा तास अजून काढून तू तब्येत कशी सुधारणार?

परळ_फिजिओ

काकांना पूर्ण अनुमोदन. मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळलाच काम करते, त्यामुळे असे रिपोर्ट घेऊन आलेले लोक रोज भेटतात. ताई, तुम्ही एकट्या नाही आहात, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात अशा बॉर्डरलाईनवरच्या लोकांचा आकडा १३ कोटींच्या वर धरलाय.

शतपावलीचं आधी बोलते कारण लोक तिला किरकोळ समजतात आणि ती किरकोळ नाहीये. न्यूझीलंडच्या ओटागो युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये टाइप टू डायबेटिसच्या ४१ पेशंट्सवर एक प्रयोग छापला. तेच लोक, काही दिवस त्यांना सांगितलं दिवसात कधीही अर्धा तास चाला, आणि काही दिवस सांगितलं प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटं चाला. वेळ तेवढाच, अर्धा तास. पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. तुम्हाला डायबेटिस नाही, त्यामुळे हेच आकडे तुम्हाला लागू होतील असं नाही, पण आतलं काम तेच आहे. चालताना मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर उचलतात आणि ते करताना त्यांना इन्शुलिनवर तितकं अवलंबून राहावं लागत नाही. तुमचं रात्रीचं जेवण साडेनऊला, त्यात दिवसातलं सगळ्यात मोठं, आणि नंतर तुम्ही ओट्याशी उभ्या. तिथे दहा मिनिटं घातलीत तर ती अगदी हव्या त्या ठिकाणी पडतील.

आता तुमची धाकधूक, थोडं पुरेल का. आपल्याकडचंच उदाहरण देते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने बॉर्डरलाईनच्या ५३१ लोकांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये आला. एका गटाला सांगितलेलं काय, तर रोज किमान अर्धा तास भरभर चाला, आणि जेवणात साखर, मैदा, तेल कमी करा, भाज्या-कडधान्यं वाढवा. जे आधीपासून तेवढं चालत होते त्यांना फक्त ते चालू ठेवायला सांगितलं. एवढंच! तीन वर्षांनी त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण, ज्यांना साधाच सल्ला दिला होता त्यांच्यापेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी होतं. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीवाल्या गटात २६.४ टक्क्यांनी. म्हणजे चालणं आणि जेवण गोळीच्या बरोबरीने उभं राहिलं. पण ते तीन वर्षं चालू होतं हे लक्षात घ्या. तुमच्या यादीतल्या आठ गोष्टी तीन आठवडे करून हे साधणार नाही आणि एक-दोन गोष्टी तीन वर्षं केल्या तर साधू शकेल.

डब्ल्यूएचओचा २०२० चा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंचं काम. पूर्वी म्हणायचे सलग दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर धरू नका, ती अट त्यांनी २०२० ला काढून टाकली. पाच मिनिटं पण जमेला धरतात.

स्नायूंसाठी लगेच जिम हवीच असं काही नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, हाताचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं, दहा वेळा, थांबायचं, परत दहा. बसताना धपकन टेकू नका, त्या सावकाश खाली येण्यातच खरं काम होतं. पण हे आत्ता नको, एक महिन्यानंतर. सवय नसलेल्या अंगाने पहिल्याच आठवड्यात योगा आणि जिम आणि दहा हजार पावलं केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग इतकं धरतं की करी रोडचा जिना चढवत नाही, आणि मग लोकांना वाटतं व्यायाम आपल्याला सोसत नाही. सोसतो, फक्त एवढा एकदम नाही.

एक मेडिकल गोष्ट. हिमोग्लोबिन आणि आयर्न तपासलंय का? शरीरात आयर्न कमी असेल तर एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि आपल्याकडे बायकांमध्ये आयर्नची कमतरता खूप असते. डॉक्टरांना विचारून घ्या.

हाफमॅरेथॉन_ठाणे

माझं मत जरा वेगळं आहे. छोटं छोटं म्हणत खूप लोक छोट्यावरच थांबतात हे पण मी बघितलंय. मला स्वतःला तारीख लागते. जानेवारीचा तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉन, ठरलं की ठरलं. मग उपवन तलावाला पहाटे उठून जाणं जड जात नाही कारण समोर २१ किमी दिसत असतात. ताईंनी वर्षाची मेंबरशिप घ्यावी असं मला वाटतं, पैसे भरले की माणूस जातो. आणि पुढच्या जानेवारीच्या ड्रीम रनला नाव घाला, साधारण सहा किमी आहे, चालत पण पूर्ण होते. टार्गेट असलं की अंगात येतं, माझा तरी हाच अनुभव आहे. शिस्त पाहिजे तर एकदम पाहिजे.

गवतीचहा

वा, एवढ्या लवकर एवढं छान लिहिलंत सगळ्यांनी. आयर्नचं मला माहीतच नव्हतं, उद्याच डॉक्टरांना मेसेज करते.

दोन शंका. स्टेप्स दहा हजार लागतातच ना? ऑफिसमध्ये सगळ्यांच्या घड्याळात तेच सेट आहे. आणि चॅलेंजवाल्या ग्रुपवर म्हणतात २१ दिवस केलं की सवय लागते, मग पुढे आपोआप होतं. तसं असेल तर २१ दिवस दात-ओठ खाऊन सगळंच करून टाकू का?

आठबावीसची_स्लो

नका करू. दोन्ही आकड्यांची गोष्ट सांगतो.

दहा हजार हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि १९६५ ला तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर अशा अर्थाचं ठेवलं, नाव गाजलं आणि आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली यांनी अमेरिकेतल्या १६ हजारांहून जास्त वयस्कर बायकांचा अभ्यास छापला, सरासरी वय ७२. दिवसाला २७०० पावलांवाल्यांपेक्षा ४४०० वाल्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी दिसला आणि ७५०० च्या आसपास गेल्यावर फायदा वाढायचा थांबला. तुमचं वय कमी आहे त्यामुळे तुम्ही जास्त चाललात तर चांगलंच आहे, पण ७००० झाले म्हणून दिवस वाया गेला असं घड्याळ सांगत असेल तर ते सेटिंग बदला.

२१ दिवसांचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं, १९६० मधलं. पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला निदान गळून पडला आणि व्यायामाला ते कोणी चिकटवलं देव जाणे. प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि मंडळींनी, ९६ लोकांवर. सरासरी ६६ दिवस लागले, आणि कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. पाणी पिण्यासारखं सोपं लवकर बसलं, व्यायामाला जास्त वेळ गेला. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यावर फारसा परिणाम झाला नाही. चॅलेंजमध्ये नेमकं उलट असतं, एक दिवस फोटो गेला नाही की आपण बाद, आणि बाद झालो की मग गेलंच तर जाऊ दे म्हणून सगळंच सुटतं.

हाफमॅरेथॉनभाऊ, तारखेचं तुमचं बरोबर आहे पण ते ज्याला पहाटेचा वेळ स्वतःचा मिळतो त्याला लागू पडतं. ताईंच्या पहाटेवर तीन डबे आहेत. आणि पैसे भरले की माणूस जातो हे मला पटत नाही, पैसे भरले की पहिला महिना जातो. वर्षाची फी भरलेली आणि पावसाळ्यात पाय न ठेवलेली माणसं माझ्या एका बिल्डिंगमध्ये मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये उत्तर तुम्हीच दिलंय, करी रोडवरून टॅक्सी करतो म्हणालात. मी त्याच भागात नोकरी करतो. करी रोडला उतरून डिलाईल रोडच्या पुलावरून लोअर परळला चालत जा, ऑफिस पुलाच्या जवळपास असेल तर बारा-पंधरा मिनिटं, येताना तेवढीच. दोन्ही वेळचे मिळून जवळपास अर्धा तास आणि पाच दिवसांचे झाले की तुमची जवळपास दीडशे मिनिटं! वेगळा वेळ काढायचा नाही, वेगळे कपडे नाहीत, आणि ऑफिसला तर जायचंच आहे त्यामुळे जाऊ का नको हा प्रश्नच येत नाही. पुलाचा चढ आहे तो सोडू नका, तिथे थोडा दम लागला पाहिजे. वेग किती, तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. त्या टॅक्सीवाल्या मैत्रिणींना पण ओढा बरोबर, काका म्हणाले ती सोबत झाली. चालायचे बूट घालून जा आणि ऑफिसचे सँडल ड्रॉवरमध्ये ठेवून द्या, ही एक गोष्ट केली नाहीत तर तिसऱ्या दिवशी टाच दुखते म्हणून टॅक्सी सुरू होते.

आणि एक. कितीही छान सवय असू दे, तिचं माप सगळ्यात वाईट दिवसावरून घ्यायचं. आपण प्लॅन करतो रविवारी दुपारी, पोट भरलेलं, पंखा चालू, सगळं जमेल असं वाटतं. प्लॅनला तोंड द्यायचंय ते मंगळवारच्या संध्याकाळला, जेव्हा सिग्नल फेल आहे, गाडी घाटकोपर-विक्रोळीच्या मधे पाऊण तास उभी आहे, मुलाची दुसऱ्या दिवशी प्रिलिम आहे आणि सासूबाईंना ताप आहे. त्या दिवशी पण जे होईल तेच रोजचं ठेवा. बाकी सगळं वरकड, झालं तर आनंद, नाही झालं तर हिशोबात धरू नका. माझं त्या दिवसाचं माप जेवणानंतर पाच मिनिटं पॅसेजमध्ये फेऱ्या, बस्स. पावसाळ्यात पण तेच कामाला येतं. हिंदमाताला पाणी भरलंय आणि छत्री उलटी होतेय तेव्हा पुलावरून जायचा हट्ट नको, त्या दिवशी ऑफिसचे जिने.

मोडआलेले_मूग

खाण्यापिण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. सगळ्यात आधी, रात्री आठ ते दुपारी बारा उपास म्हणताय आणि जेवताय साडेनऊला, हे बसणारच नाही कुठे, म्हणजे एकतर तुम्ही घरात शिरल्या शिरल्या एकट्या जेवणार आणि मग सगळ्यांना वाढणार, किंवा उपाशी झोपणार आणि मग साडेपाचला डबे करताना डोकं दुखणार, आणि घरातलं एकत्र जेवण हे दिवसातलं एकच असेल तर ते मोडू नका हो, मुलगा दहावीला आहे, तेवढाच वेळ तो बोलतो. जेवण साडेनऊचं नऊला आणता आलं तरी खूप आहे, आणि ते येईल जर भाजी सकाळीच चिरून ठेवली किंवा कोणीतरी कुकर लावून ठेवला, नवरा किंवा मुलगा, कुकर लावायला दहावी आड येत नाही.

भात पूर्ण बंद नको. आपण कोकणी-मुंबईची माणसं, वरणभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, पूर्ण बंद केलं की पंधराव्या दिवशी कोणाच्या तरी बारशाला मसालेभाताचं ताट समोर येतं आणि मग तीन वाट्या जातात. अर्धा करा. मोठा डाव असेल तर छोटा घ्या, आणि ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, भात शेवटी. भूक तोवर बरीच शमलेली असते.

साखरेचं पण तसंच. दिवसाला चहा किती? चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे असतील तर तिथेच आठ चमचे. डब्ल्यूएचओ म्हणतं २५ ग्रॅमच्या आत ठेवलं तर उत्तम, म्हणजे साधारण सहा लहान चमचे, आणि त्यात बिस्किटं, सॉस, पॅकबंद ज्यूस सगळंच आलं. दोनचा दीड करा, पंधरा दिवसांनी एक. तुमच्या नावातच गवतीचहा आहे तर संध्याकाळचा एक कप बिनसाखरेचा गवती चहाच होऊ दे ना. ऑफिसमधल्या मशीनचा चहा मात्र नीट बघा, त्यात बहुतेक वेळा साखर आधीच मिसळलेली असते.

आता माझी एकच सवय सांगते जी बरीच वर्षं चाललीये. शनिवारी रात्री झोपताना मूग किंवा मटकी भिजत घालते, तीन वाट्या. रविवारी सकाळी उपसून ओल्या पंचात सैलसर बांधते आणि चाळणीत ठेवून वर ताट. पावसाळ्यात रात्रीपर्यंत लांब मोड येतात, मे महिन्यात मात्र जास्त वेळ बाहेर ठेवलं की चिकट होऊन वास मारतो म्हणून मोड दिसला की लगेच फ्रिजमध्ये. डब्यात खाली कोरडा कपडा घातला की तीन-चार दिवस सहज राहतात. मग सकाळी काय करायचं हा प्रश्न निम्मा संपतो. फोडणीला मोहरी, हिंग, कढीपत्ता, मूग परतायचे, झाकणावर पाणी ठेवायचं आणि सात-आठ मिनिटांत उसळ तयार, तेवढ्यात पोळ्या होतात. डब्यात ती गेली की दुपारी चारला वडापावची आठवण येत नाही, निदान रोज येत नाही. वेगळं डाएटचं जेवण असं काही करत नाही, सगळं घर तेच खातं, आणि म्हणूनच ते चाललंय. बाईने स्वतःसाठी वेगळं शिजवायचं म्हटलं की ते पहिल्या आठवड्यात बंद पडतं, कारण घाईच्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतःचंच गाळते.

सणावारांचं आत्ताच ठरवून टाका. गणपतीत मोदक खायचे, निवांत, साजूक तूप घालून, मोजत बसायचं नाही. पण शतपावली त्या दिवशी पण. पाहुणे आले असतील तर त्यांना घेऊन.

हाफमॅरेथॉन_ठाणे

आठबावीस भाऊ, पटलं. माझ्याकडे सकाळचा डबा आई करते त्यामुळे माझं गणित वेगळं आहे हे खरंय. ताई, वर्षाच्या मेंबरशिपचं जे म्हणालो ते सोडून द्या. ऑफरचं टेन्शन घेऊ नका, अशा ऑफर वर्षभर येत राहतात, दसरा झाला की दिवाळी, दिवाळी झाली की न्यू इयर. ड्रीम रनचं मात्र डोक्यात ठेवा. तीन-चार महिने पुलावरून चाललात की सहा किमी तुम्हाला लांब वाटणार नाहीत.

गवतीचहा

सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. कुकर आणि ओटा त्याच्याकडे, हे त्याने स्वतः सांगितलं, मला बोलावं लागलं नाही.

तर ठरलं ते असं. ऑफिसला जाता-येता पुलावरून चालत, मैत्रिणींपैकी एक तयार आहे, दुसरी म्हणते पाऊस संपल्यावर बघू. रात्री सासूबाई आणि मी शतपावली, आणि अगदीच वाईट दिवशी पॅसेजमध्ये पाच मिनिटं. चहातली साखर दीड चमचा. बाकी यादी मी वहीतच ठेवते, पुढच्या रिपोर्टपर्यंत तिला हात लावणार नाही. चॅलेंजच्या ग्रुपमधून बाहेर पडले, मैत्रिणीला फोन करून नीट सांगितलं म्हणजे तिला वाईट वाटायला नको. झोप हा मात्र मोठा प्रश्न आहे, कुकर-ओट्याचं जमलं तर साडेअकरा होतील असं वाटतंय, त्याहून आधी तर बोर्डाची परीक्षा होईपर्यंत अवघड आहे.

फिजिओताई, सासूबाईंचे गुडघे दुखतात, वय ७१. त्यांना रोज न्यावं का? आणि तीन महिन्यांआधी मधेच एकदा टेस्ट केली तर चालेल का, मला धीर निघणार नाही.

परळ_फिजिओ

खूप छान ठरवलंय. साडेअकरा झाले तरी आत्तापेक्षा अर्धा तास जास्त, घ्या तेवढं.

सासूबाईंना न्या, पण सपाट जागेवर, पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील तो भाग टाळा आणि चप्पल मागे पट्टा असलेली हवी. पाच मिनिटांनी सुरुवात, मधे टेकायला गेटजवळ वॉचमनची खुर्ची असेलच. चालून झाल्यावर जरा दुखलं आणि सकाळपर्यंत थांबलं तर काळजी नाही. गुडघ्याला सूज आली किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर थांबा आणि दाखवून घ्या. आणि त्या गोळ्या घेतात म्हणालात, त्यातली एखादी शुगरची असेल तर चालणं सुरू करतोय हे त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

टेस्ट मधेच नको. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीए१सी त्या पेशींवर चिकटलेली साखर मोजतं, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. तीन आठवड्यांनी केलीत तर आकड्यात बराचसा जुनाच काळ असेल, आणि हललं नाही म्हणून उगीच नाराज व्हाल. तीन महिन्यांनी करा आणि त्याच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की एखाद-दोन दशांश इकडेतिकडे होऊ शकतात आणि मग फरक चालण्याने पडला का मशीनने हे कळत नाही. धीर निघत नसेल तर दर रविवारी सकाळी कमरेचा घेर टेपने मोजून वहीत लिहा, बेंबीच्या रेषेत, पोट आत न ओढता.